कोणीतरी थांब म्हणा

मटाराच्या शेंगेला दम नसतो. गहू चार दिवस वाट बघेल, हरभरा आठ दिवस बघेल, पण मटार भरला की भरला. आज तोडला नाही तर परवा दाणा कडक होतो आणि मंडीतला आडत्या शेंग दोन बोटांत दाबून "ये तो दाल हो गई भैया" म्हणत पोतं बाजूला सारतो. म्हणून जबलपूरजवळच्या शहपुऱ्याच्या बाजूला पौष लागला की माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, तोडाई लागली का एवढंच विचारतात.

नेमक्या त्याच आठवड्यात मेघनाला शाळेतून घरी पाठवलं.

विनता स्कूटर घेऊन गेली तेव्हा नऊ वर्षांची मेघना ऑफिसबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. आत टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यात एक वेणी ठेवलेली होती. तेल लावलेली, टोकाला लाल रिबिनीचं फूल, वीतभर लांब. पुढच्या बाकावरच्या मुलीची. हस्तकलेच्या तासाला सगळ्यांना कात्र्या वाटल्या होत्या. बाईंनी आवाज चढवला नाही, त्यामुळे विनताला जास्तच लाज वाटली. "आप अब इसे परीक्षा में ही ले आइए," त्या म्हणाल्या. वेणीवाल्या मुलीची आई कोपऱ्यात बसून विनताकडे पाहत होती. विनतानं हात जोडले, दोनदा जोडले, आणि पोरीचा दंड धरून बाहेर आली.

रस्त्यात नाल्याच्या पुलावर तिनं स्कूटर थांबवली.

"काहून कापली?"

"समोर होती."

"समोर होती म्हणून कापायची?"

मेघनानं बराच विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नसे. "हात गेला आई," ती म्हणाली, "मी नाही गेली."

विनताला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला राग आला. तिनं स्कूटरला लाथ मारली.

घरी बातमी आधीच पोचली होती. बापूसाहेब, म्हणजे विनताचे सासरे, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर जबलपूरच्या फॅक्टरीत चार्जमन होते. रिटायर झाल्यावर इथे जमीन घेतली, विहीर खोदली, मटार लावला. फॅक्टरीचा भोंगा बंद होऊन वर्षं झाली तरी ते अजून भोंग्यावरच उठत, जेवत आणि रागावत.

"वेणी?" ते म्हणाले. "भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आलो आपण. पण आपल्या खानदानात कोणी कोणाची वेणी कापल्याचं ऐकलं नाही."

"माना कापल्या असतील," अंबरीश जेवता जेवता पुटपुटला. विनताचा नवरा. बापूसाहेबांनी तिकडे पाहिलंच नाही.

"मागच्या महिन्यात विहिरीत बादली टाकली. त्याआधी पाहुण्यांच्या ताटात मीठ ओतलं. जबलपूरच्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं मोठं इंग्रजी नाव सांगितलं. त्याचं काय जातं, नाव ठेवायला! मी फॅक्टरीतल्या जुन्या दोस्ताशी, भय्यासाहेबांशी बोललो आहे. त्यांच्या ओळखीचं नागपूरला मुलींचं वसतिगृह आहे. शिस्त आहे तिथे. संक्रांत झाली की मी स्वतः घेऊन जातो."

मेघना दारात उभी राहून ऐकत होती. तिनं दाराची कडी वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक.

"तोडाई होऊ द्या," विनता म्हणाली. "तोडाईभर तिनं काही केलं नाही, तर नका नेऊ."

"आणि केलं तर?"

कडी वाजतच होती. विनता म्हणाली, "तर न्या."

बोलून गेली खरी. मेघनाच्या हातावर पैज लावणं म्हणजे वाऱ्यावर दिवा लावणं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टरनं नावाखेरीज आणखी एक गोष्ट सांगितली होती. मनात येणं आणि हात जाणं, यांच्यामध्ये थोडी जागा करा. ती कशी करायची हे काही त्यानं सांगितलं नाही. ते विनतानंच चुलीपुढे बसून ठरवलं. सकाळी अंधूक उजेडात तिनं मेघनाला समोर बसवलं.

"ऐक. काहीही करावंसं वाटलं ना, की आधी बोलायचं. मोठ्यानं. 'मला अमुक करावंसं वाटून राहिलं.' कोणीतरी थांब म्हणेल. थांब ऐकलं की लोट्यातलं पाणी प्यायचं. सगळं. मग पाहू."

"आणि कोणी थांब नाही म्हटलं तर?"

"म्हणतंच कोणीतरी. मी आहे ना."

मेघनानं लगेच सुरुवात केली. "आई, मला तुझी बांगडी ओढावीशी वाटून राहिली."

"थांब."

पोरीनं लोटा तोंडाला लावला. गटागटा प्यायली. विनतानं बांगडीचा हात पदराखाली घेतला.

मंडल्याकडच्या बाया तोडाईला आल्या. दर वर्षी येत. विहिरीपलीकडे त्यांचा डेरा पडे, निळी ताडपत्री, तीन दगडांच्या चुली, पोरंबाळं. त्यांच्यात थोरली होती ती सुकरती. ती म्हणेल तेव्हा टोळी उठे आणि ती म्हणेल तेव्हा बसे. सकाळी धुकं इतकं असे की ओळीत वाकलेली बाई दिसत नसे, नुसता शेंग तुटल्याचा आवाज येई. दवानं सगळ्यांचे हात कोपरापर्यंत भिजत. बोटं वाकडी होऊन जात, मग बाया ती काखेत धरून ऊब देत आणि पुन्हा वाकत. टोपली भरली की पोत्यात, पोतं भरलं की काट्यावर, काट्यावरून विनताकडे. विनता दाभणात सुतळी ओवून पोत्यांची तोंडं शिवायची. दिवस मावळेपर्यंत तिच्या तळहाताला सुतळीचे लाल वळ उठत.

मेघना तिच्या कमरेला बांधलेल्या लोट्यासारखी बरोबर असे.

"आई, मला काट्यावर बसावंसं वाटून राहिलं."

"थांब."

"आई, मला त्या काकूच्या टोपलीला लाथ मारावीशी वाटून राहिली."

"थांब गं बाई, थांब."

दिवसातून इतकं पाणी पिऊन पोर सारखी बांधाआड पळायची. अंबरीशला मौज वाटे. "हिला तर कालवा पुरणार नाही," तो म्हणायचा. पण काही बिघडलं नाही. बापूसाहेब संध्याकाळी खुर्चीतून विचारत, "आज?" विनता सांगे, "आज काही नाही." ते पंचांग उलटत.

विनताच्या जिवात जीव येऊ लागला होता. तिथेच ती फसली.

बांधावर मोहाचं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीला फगनी नावाच्या तरण्या बाईनं साडीची झोळी बांधून आपलं तान्हं निजवलं होतं. त्या दिवशी मंडीची गाडी लवकर येणार होती. विनता शेताच्या पार दुसऱ्या टोकाला रस्त्याशी पोती शिवत होती आणि मेघना तिथे सुतळीचा गुंता करत होती. फगनी पाणी प्यायला आली, तिनं पोरीकडे पाहून हसत म्हटलं, "बिटिया, जरा झूला देगी? लइका रो रहा है."

मेघना आईकडे पाहू लागली. विनता दाभण ओढता ओढता म्हणाली, "जा. हळू द्यायचा झोका."

आणि मेघनानं हळूच दिला. बराच वेळ दिला. तान्हं झोपलं. लोटा मात्र पोत्यांपाशीच राहिला होता.

किंकाळी आली तेव्हा विनताच्या हातात दाभण होतं. ती ढेकळांतून, वेलींतून धावत सुटली. झोळी वर फांदीला वेटोळं घालून लोंबत होती. फगनीनं लेकरू छातीशी धरलं होतं आणि लेकराच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. रक्त नव्हतं. रडणंही नव्हतं. मग एकदम तान्ह्यानं टाहो फोडला आणि सगळ्या बायांच्या तोंडून श्वास सुटला.

मेघना झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. विनतानं तिला मारलं. आजवर कधी मारलं नव्हतं, ते सगळं एकदम मारलं. पाठीत, दंडावर, गालावर. चार बायांदेखत.

"मी बोलली होती!" मेघना ओरडत होती. "मी बोलली होती आई! मी बोलली!"

"खोटं बोलते वरून!"

अंबरीशनं मोटरसायकल काढली. फगनी लेकरू घेऊन मागे बसली, दोघं शहपुऱ्याच्या दवाखान्यात गेली. बाया ओळीतून बाहेर आल्या आणि मोहाखाली बसल्या. टोपल्या तशाच अर्ध्या राहिल्या. उन्हं वर आली, दव वाळलं, शेंगा वेलीवर तशाच.

लेकरू दुपारी परत आलं. डॉक्टरनं तपासलं होतं, आज-उद्या लक्ष ठेवा, उलटी झाली तर आणा, म्हणाला होता. तोवर डेऱ्यावर ताडपत्रीची एक बाजू सोडलेली होती. विनता पावलं ओढत तिथे गेली. सुकरती भांडी गाठोड्यात बांधत होती.

"अम्मा, बहुत गलती हुई," विनता म्हणाली. "मैंने मारा है उसको."

"मारने से क्या होगा," सुकरती वर न बघता म्हणाली. "हमारी भी गलती है. लड़की तो कब से चिल्ला रही थी. हम समझे गाना गा रही है."

"क्या चिल्ला रही थी?"

सुकरतीनं आठवून पाहिलं. शब्द तिला येत नव्हते, चाल येत होती. "ढकलावसा… वाटून… ऐसा कुछ. एक-एक का मुँह देखती थी और बोलती थी. फगनी का भी. हम लोग हँस दिए. फिर और जोर से बोली. हम और हँसे."

विनता तिथल्या तिथे खाली बसली.

पोर नियमानं वागली होती. झोका जोरात ढकलावासा वाटला तेव्हा ती मोठ्यानं बोलली. एकीला बोलली, दुसरीला बोलली, तिसरीला बोलली. कुणीतरी थांब म्हणेल म्हणून प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. आणि विनतानं तिला तो मंत्र घरच्या भाषेत शिकवला होता. शेतातल्या बायांना मात्र त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मराठीत का शिकवला? तर घरची गोष्ट घरात राहावी म्हणून. मजुरांना कळू नये की या पोरीचं असं आहे. चार लोकांत बोभाटा नको. लाज झाकायला गेली आणि पोरीला मुकी करून बसली.

घरी आली तर मेघना खाटेखाली शिरून बसली होती. गालावर बोटं उमटलेली. विनता खाटेजवळ जमिनीवर आडवी झाली, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं.

"तू बोलली होती," ती म्हणाली.

"हो."

"माझं चुकलं."

मेघना खाटेखालून थोडी पुढे सरकली. मग म्हणाली, "लोटा पण नव्हता."

बापूसाहेबांनी संध्याकाळी विचारलंच नाही. भय्यासाहेबांना फोन करून संक्रांतीनंतरचा दिवस पक्का केला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. विनता म्हणाली, "मी सकाळी डेऱ्यावर जाते. सगळं सांगते त्यांना. पोरीचं काय आहे ते."

"मजुरांसमोर घरची धुणी धुणार? उद्या गावभर होईल, बापूसाहेबांची नात वेडी आहे म्हणून."

"वेणीचं गावभर झालंच आहे," विनता म्हणाली.

"हात बांधून ठेव चार दिवस. आपोआप वळण लागतं."

अंबरीश इतका वेळ मोटरसायकलचं चाक पुसत होता. तो फडकं टाकून उठला. "माझा बांधला होता ना तुम्ही. खाटेला. काय वळण लागलं? साहेबाच्या तोंडावर फाईल फेकून नोकरी सोडली, ती याच हातानं." आणि तो गोठ्याकडे निघून गेला. बापूसाहेब पंचांगाचं पान धरून बसून राहिले.

सकाळी धुकं होतंच. डेऱ्यावर चुली पेटल्या होत्या, गाठोडी बांधलेली होती. विनतानं मेघनाचा हात धरला होता. बाया भोवती बसल्या. विनताला शाळेत हात जोडताना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं हे जड गेलं. तिनं सांगितलं. वेणीचं सांगितलं, विहिरीतल्या बादलीचं सांगितलं. "इसके मन में आता है और हाथ चला जाता है. बीच में रुकता नहीं. इसलिए ये पहले चिल्लाती है. तुम लोग 'थांब' बोल देना. थांब मतलब रुक जा. बस इतना ही." बाया चुलीकडे पाहत राहिल्या.

फगनी लेकराला पाजत होती. टेंगूळ निळं पडलं होतं. तिचा राग गेला नव्हता, आणि का जावा? "मेरे झूले के पास नहीं आएगी," ती म्हणाली.

"नहीं आएगी," विनता घाईनं म्हणाली.

"आऊँगी," मेघना म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मन हुआ तो आ जाऊँगी. इसलिए तुम चिल्लाना."

फगनी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेत सुकरतीला म्हणाली, "झूला उधर बाँधूँगी. आम के पेड़ में." म्हणजे ती थांबणार होती. सुकरतीनं गाठोड्याची गाठ सोडली.

त्यानंतर शेतात जो काही गोंगाट झाला तो त्या शेतानं कधी ऐकला नसेल. धुक्यातून मेघनाचा आवाज यायचा, "मला टोपली उलटी करावीशी वाटून राहिली!" आणि ओळी-ओळींतून, न दिसणाऱ्या बायांकडून उत्तर यायचं, "थांब! थांब रे बिटिया!" कुणी लोटा पुढे करायची. मंडल्याच्या बाया 'थांब' म्हणताना शेवटचा 'ब' असा दाबून म्हणत की अंबरीशला हसू आवरत नसे. पुढे पुढे त्या आपसातही म्हणू लागल्या. एकीनं जास्त तंबाखू घेतली की दुसरी म्हणे, "थांब." प्रत्येक वेळी जमलं असंही नाही. एकदा पोरीनं बोलायच्या आधीच काट्याचा दांडा ओढला आणि पोतं सुकरतीच्या पायावर आलं. सुकरती दिवसभर लंगडली, शिव्याही दिल्या. पण टोळी उठली नाही.

बापूसाहेब खुर्ची ओट्यावरून अंगणात आणून बसत, मग अंगणातून बांधावर. गोंगाट कशाचा ते पाहायला, असं म्हणत. नागपूरचा दिवस मात्र बदलला नव्हता. मेघनाची पेटी भरून ठेवली होती.

तोडाईच्या शेवटच्या दिवशी गाडी शेताशी उभी होती. हमाल निम्मी पोती चढवून चहा प्यायला गेला होता. विनतानं शेवटचं पोतं शिवलं, सुतळीला गाठ मारली, कंबर सरळ केली. मेघना पोत्यापाशी उभी होती. सुतळीचं एक टोक बाहेर राहिलं होतं, चार बोटं असेल.

पोर काही बोलली नाही. हात गेला. टोक ओढलं, आणि ती शिवण एका दमात सर्रकन सुटली. पोतं आडवं झालं आणि हिरव्या शेंगा धुळीत, चाकांखाली, शेणात पसरत गेल्या.

विनताचा हात वर गेला. डोळ्यांपुढे ते टेंगूळ, ती वेणी, ती भरलेली पेटी, तळहातावरचे वळ, सगळं एकदम आलं. हात वरच होता. आणि तिच्या तोंडून, तिलाच नकळत, मोठ्यानं निघालं, "मेघना, मला तुला मारावंसं वाटून राहिलं!"

शेताच्या शेवटच्या ओळींतून आवाज उठला. "थांब!" सुकरती ओरडली. "थांब बाई!" दुसऱ्या दोघी-तिघी ओरडल्या. आणि आंब्याखालून, झोळीची दोरी न सोडता, सगळ्यांहून मोठ्यानं फगनी ओरडली, "थांब!"

विनताचा हात हळूहळू खाली आला. समोर मेघना लोटा पुढे करून उभी होती, तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता, पण लोटा धरलेला होता. "सगळं प्यायचं," ती म्हणाली.

विनता सगळं पाणी प्यायली. मग ती धुळीत बसून रडली, आणि मग मायलेकी शेंगा गोळा करू लागल्या.

बांधावरून बापूसाहेब उठले. काठी टेकत गाडीपाशी आले. सांडलेलं पोतं पाहिलं, सून पाहिली, नात पाहिली. खिशातून फोन काढला. अंबरीश गाडीमागून पुढे आला आणि थबकला. भय्यासाहेबांचं नाव काढायला बापूसाहेबांना वेळच लागत असे, ते चष्मा वर करून बोटानं काच घासत राहिले.

मेघना हातातल्या शेंगा टाकून त्यांच्याकडे पाहत होती. "आजोबा," ती म्हणाली. "मला तुमचा फोन विहिरीत फेकावासा वाटून राहिला."

विनतानं थांब म्हटलं नाही. बायाही गप्प राहिल्या. पोरगी आजोबांच्या तोंडाकडे पाहत उभी होती, दोन्ही मुठी आवळून, जशी त्या दिवशी मोहाखाली एकेकीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली असेल.

बापूसाहेबांनी फोनकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"थांब," ते म्हणाले.

मेघनानं लोटा उचलला. रिकामा होता. ती विहिरीकडे धावली, भरून आणला, त्यांच्यासमोर उभं राहून सगळा प्याली. तोवर ते फोन तसाच हातात धरून उभे होते. मग त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, वर बटण लावलं, काठी गाडीच्या चाकाला टेकवली आणि गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसले.

"पोत्याचं तोंड धर," ते नातीला म्हणाले. "दोन्ही हातांनी."